जुन्या जिप्सीच्या सीटमागे काय लावावं? शिवून घ्यावं की पत्रा ठोकावा?

गवतीचहा (२६ मे)

मंडळी, गेल्या दिवाळीत २००६ची मारुती जिप्सी घेतली. एमपीएफआय (इंजेक्शनवालं इंजिन), सॉफ्ट टॉप, मी तिसरा मालक. इंजिन ठणठणीत, फोर-लो (चारही चाकांचा जोरकस गिअर) बिनबोभाट पडतो, पत्रा जिप्सीचा जसा असतो तसा आहे.

दुखणं वेगळंच. गाडीत वस्तू ठेवायला जागाच नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये आरसी, पीयूसी आणि एक टॉर्च ठेवला की तो तुडुंब. बाकी सगळं खाली. परवा ताम्हिणी उतरताना पाण्याची बाटली गडगडत ब्रेकखाली आली. बायकोने पायाने ओढून घेतली म्हणून हा धागा लिहायला मी शिल्लक आहे.

मागच्या मालकाने पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीला रेक्झिनचे खिसे लावले होते. त्यांचं लास्टिक कधीच मेलंय. खिसा जबडा उघडून लोंबतो, आत काही टाकलं की पहिल्या खड्ड्याला बाहेर. ते काढून नवीन काहीतरी लावायचंय. तीन पर्याय दिसतात:

ऑनलाइन मिळणारा 'युनिव्हर्सल' ऑर्गनायझर, लेझरने कापलेला लोखंडी मॉली पॅनेल (पाऊच अडकवायच्या खाचांचा पत्रा), किंवा नाना पेठेतल्या सीटवाल्याकडून कॅनव्हासचं काहीतरी शिवून घेणं.

कोणी काय लावलंय? पुणे परिसरात चांगला कारागीर माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

झाडाखालचा_वाघ

युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारा. एवढं लक्षात ठेवून मग विकत घ्या.

सौ_स्टेपनी

मी घेतला होता तसला एक, आमच्या जुन्या थारला (२०१३, सीआरडीई). वर टिशूचा डबा ठेवायला खिसा, मध्ये टॅबलेटला पारदर्शक खिडकी, खाली छत्रीला जागा. आता थारमध्ये मागे माणसं एकमेकांकडे तोंड करून आडवी बसतात. टॅबलेट बघायचा कोणी? मान नव्वद अंशांत वळवून? टिशूच्या डब्याचं म्हणाल तर पहिल्या कच्च्या रस्त्यावर गाडीभर कापूस पिंजल्यासारखं झालं होतं.

शिवून घ्या. आणि एक खिसा उलटीच्या पिशव्यांसाठी नक्की ठेवा. घाटात लहान मुलं असली की हाच खिसा सगळ्यात आधी लागतो.

सह्याद्रीतला_टॉमी

पत्र्याचा मॉली पॅनेल लावा डोळे मिटून. माझ्याकडे दोन वर्षं आहे. दोन मिलिमीटरचा पत्रा, पावडर कोटिंग, वर हवी ती पाऊच लटकवा. कापड फाटतं, उसवतं, कुजतं. लोखंडाला काही होत नाही.

नटबोल्ट

@टॉमी, लोखंडाला काही होत नाही हे खरंय. जे व्हायचं ते माणसाला होतं.

जिप्सीत बाकावर पुढच्या टोकाला बसलेल्या माणसाचा खांदा आणि कोपर सीटच्या पाठीपासून वीतभर अंतरावर असतं. धक्का बसला की तो पुढेच सरकतो आणि समोर तुमचा लेझरने कापलेला पत्रा. मी स्वतः भावाच्या जीपमध्ये कोपर सोलून घेतलंय, तेही वीसच्या वेगात, खडकावरून उतरताना. रबरी गोट लावला असता तर निदान कातडी वाचली असती.

आणि वजनाचा हिशोब करा. ५० च्या वेगातली गाडी ०.१ सेकंदात थांबली तर साधारण १४ जी, म्हणजे गुरुत्वाच्या १४ पट. पाठीला तीन किलो सामान लटकवलं असेल तर त्या क्षणी ते ४२ किलोच्या जोराने तुमच्या पाठीत घुसू बघतं. मध्ये फोम आणि एक पातळ पाइपची फ्रेम. पॅनेलचं स्वतःचं वजनही यातच धरा.

सह्याद्रीतला_टॉमी

तुमच्या हिशोबाने तर गाडीत बायकोची पर्सही ठेवायला नको.

सौ_स्टेपनी

पर्समध्ये काय काय असतं हे माहीत असतं तर हा विनोद केला नसतात. ४२ किलो कमीच आहे.

विलीसकाका

माझी १९९३ची एमजी ४१० जिप्सी आहे, ९७० सीसीची. आधी घरी प्यूजो इंजिनाची महिंद्राची एमएम ५४० जीप होती. दोन्हीत सीटमागे काहीही नव्हतं आणि आम्ही लेह सोडून सगळीकडे जाऊन आलो.

पण खरं सांगायचं तर तेव्हाही सोय होतीच, फक्त ती सीटला नव्हती. मूळच्या विलीस जीपमध्ये टबच्या (उघड्या बॉडीच्या) मागच्या दोन कोपऱ्यांत हत्यारांसाठी झाकणाचे कप्पे होते. जड वस्तू खाली आणि मागे, हा हिशोब त्या लोकांनी १९४१लाच केला होता. पेट्रोलची टाकी मात्र ड्रायव्हरच्या सीटखाली. टाकीवर बसून अख्खी लढाई मारली गड्यांनी, आणि आमच्या गवतीचहाला पाण्याच्या बाटलीला खिसा हवाय. (हलके घ्या.)

मुद्दा असा की जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), टो-पट्टा, शॅकल (गाडी ओढायची लोखंडी कडी) यातलं काहीही सीटच्या पाठीला नको. पाऊण इंची बो शॅकल एकटं सव्वा किलोच्या आसपास भरतं. ते पेटीत, पेटी मागे, आणि पेटी फरशीला पट्ट्याने आवळलेली.

सह्याद्रीतला_टॉमी

काका, टॉमी सीटच्या पाठीला नको हे मी वैयक्तिक घेतलंय.

मोहर्लीचा

आमच्याकडे ताडोबात जिप्सीच जिप्सी. रोज दोन फेऱ्या, सकाळ-दुपार. म्हणून धुळीचं सांगतो, बाकी तुम्ही शहाणे आहात.

चेन (झिप) लावाल तर बारीक गुंडाळीची लावू नका. आमची लाल माती तिच्यात बसली की आठवड्यात रनर अडकतो, मग गिऱ्हाईक ओढतं आणि रनर हातात येतो. मोठ्या दातांची प्लास्टिकची दहा नंबर घ्या, नाहीतर चेनच नको. मी झाकणाला टिचबटणं लावली होती, ती मे महिन्यात एवढी तापायची की हात लावला की चटका. आमच्याकडे पारा ४७ वर जातो. आता नुसतं लांब झाकण, वेल्क्रो आणि वरून एक बक्कल. वेल्क्रोतही माती बसते, पण ती जुन्या दातांच्या ब्रशने निघते.

अजून एक. वेल्क्रो उघडताना जो आवाज होतो तो जंगलात फार मोठा वाटतो. वाघ समोर, गाडीत चिडीचूप, आणि मागचा साहेब बिस्किटासाठी 'खर्रर्र'. सगळ्या गाड्या वळून आमच्याकडे बघतात. वाघ नाही बघत.

झाडाखालचा_वाघ

पुष्टी करतो. नाही बघत.

कुळेकार

नमस्कार. आमची जीप दूधसागरच्या वाटेवर चालते, कुळ्याहून. तिथे नदी ओलांडावी लागते. पाणी चढलेलं असलं की फरशीवरून वाहतं. म्हणजे सीटखाली ठेवलेली वस्तू भिजलीच म्हणून समजा. त्यामुळे सीटमागचा कप्पा ही आमच्यासाठी हौस नाही. फर्स्ट एड, गाडीचे कागद आणि कोरडा टॉवेल, तीनच वस्तू, जमिनीपासून हातभर वर.

कापड कुठलंही घ्या, खिशाच्या तळाला पितळी आयलेट (भोकाची कडी) मारायला विसरू नका. पाणी वरून जातंच, ते खालून निघालं पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात त्या खिशात बेडूक राहतो. आमच्यात खरंच राहिला होता.

गवतीचहा

वा, धागा चालला. सगळ्यांचे आभार. पत्रा बाद. (टॉमीभाऊ, राग नको.) कॅनव्हास की नायलॉन एवढं सांगा.

आज टेप घेऊन मापं काढली: पाठ खांद्याशी ४४ सेंमी, कमरेशी ४९, उंची ५६. माप घेताना सीट थोडी डुलत होती त्यामुळे अर्धा सेंमी इकडेतिकडे.

दोरा_सुई

माझा धंदा सॅक आणि तंबूच्या दुरुस्तीचा, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सुती कॅनव्हास दिसतो देखणा, हाताला छान लागतो, टीप बसते सुंदर. पण कोकणातल्या दमटीत त्याला बुरशी धरते, आणि ओला झाला की सुकायला दोन दिवस. मेण चोपडलं तर पाणी अडतं. मी मेणबत्तीचं मेण आणि थोडं मधमाशांचं मेण वितळवून ब्रशने लावतो, वरून हेअर ड्रायर फिरवतो. पण उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडतं आणि मागच्याच्या गुडघ्याला लागतं. पांढरी पँट घालून कोणी आलं तर मैत्री संपली.

१००० डेनियरचं नायलॉन (कॉर्ड्युरा किंवा त्या जातीचं, आतून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग) जास्त टिकतं. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. सीटमागच्या कामाला ५०० सुद्धा पुरतं, शिवायलाही सोपं. १००० ला घरगुती मशीन रडते.

आता खरी गोम. कापड कधीच आधी फाटत नाही, आधी टीप उसवते. सीटवाले बऱ्याचदा हाताशी असेल तो दोरा लावतात. त्यात सुती निघाला तर दोन पावसाळ्यांत कुजतो, वरून कळतही नाही. जाड पॉलिस्टर दोरा मागा. नायलॉनचाही मजबूत असतो, पण सॉफ्ट टॉप उघडा ठेवून फिरणार असाल तर उन्हाने लवकर मरतो. ताण येतो त्या कोपऱ्यात चौकोन आणि आत फुली अशी टीप मारून घ्या. लास्टिक अजिबात नको, तुमच्या जुन्या खिशाचं मरण त्यातच होतं. त्याऐवजी खिशाला खालून चुण्या घाला आणि वर झाकण.

मॉलीच्या पट्ट्या शिवणार असाल तर माप पाळा: पट्टी एक इंच, दोन पट्ट्यांत अंतर एक इंच, आणि दर दीड इंचावर उभी टीप. अमेरिकन सैन्याने १९९७ च्या सुमारास ही पद्धत आणली तेव्हापासून सगळ्या पाऊच याच मापाच्या येतात. मास्तर 'अंदाजाने मारतो' म्हणाले तर तिथून उठा.

सौ_स्टेपनी

वाखुसा (वाचनखूण साठवली).

टेक्सासचा_तात्या

इकडे माझ्याकडे २००१ची रँग्लर टीजे आहे. जुन्या जीपसाठी इथे सीटमागचं साहित्य भरपूर मिळतं, स्मिटीबिल्टची 'गिअर' सीट कव्हरं तर अख्खी मॉलीच्या पट्ट्यांची येतात. मी ती घातली. सहा पाऊच लावल्या. आज त्या सहांपैकी चारांत काय आहे मला आठवत नाही. एकात मागच्या वर्षीची सुकलेली द्राक्षं निघाली, म्हणजे ठेवली तेव्हा ती द्राक्षं होती.

जागा जेवढी कराल तेवढा कचरा साठतो. कमी खिसे शिवा.

पेठेतला

अवांतर: असं काही लावलं तर आरटीओ पकडतं का? गाडीत फेरफार म्हणून?

विलीसकाका

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात बदल करण्याबद्दल ते आहे. कापडी खिसा आरसीवर लिहिलेला नसतो. आडवे बाक काढून पुढे तोंड असलेल्या सीट टाकल्या, आसनसंख्या बदलली, तर तो वेगळा विषय.

नटबोल्ट

थांबा जरा. गवतीचहा, "सीट थोडी डुलत होती" म्हणजे काय? पाठ डुलते की अख्खी सीट?

गवतीचहा

अख्खी. डावी नाही, ड्रायव्हरची. पुढे-मागे बोटभर. जुनी गाडी म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

नटबोल्ट

आत्ता जा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि सीटखाली बघा. रेल फरशीच्या मूळच्या बोल्टांवर बसलीय की मध्ये काही पट्ट्याबिट्ट्या आहेत?

गवतीचहा

बघून आलो. दोन चपट्या लोखंडी पट्ट्या आहेत, रेलला वेल्ड केलेल्या, आणि पट्ट्या फरशीला बोल्टने. मागच्या बाजूच्या एका वेल्डला केसाएवढी चीर. बोट फिरवलं तर गंजाची पावडर हाताला.

आणि सीटच्या तळाला स्टिकर सापडलं. ही जिप्सीची सीटच नाही! कुठल्यातरी छोट्या हॅचबॅकची आहे. सात महिने मी हिच्यावर बसतोय.

विलीसकाका

खिशाचं राहू दे. गाडी उभी कर.

मोहर्लीचा

बाप रे.

सह्याद्रीतला_टॉमी

मस्करी बाजूला. ती गाडी चालवत फॅब्रिकेटरकडे नेऊ नका. सीट बाहेर काढा आणि सीट घेऊन जा. आणि नुसतं चिरेवर वेल्ड ओढून घेऊ नका, दोन्ही पट्ट्या नवीन, जाड, आणि फरशीच्या खालून मोठे वॉशर. फरशीचा पत्रा कुजला असेल तर आधी तो. तुम्ही कुठे राहता ते व्यनित कळवा, रविवारी मी येतो पाने घेऊन.

पेठेतला

ताम्हिणीत बाटली ब्रेकखाली आली ते सीट डुलण्यामुळे तर नाही?

गवतीचहा

नाही, ती बाटली माझ्याच आळशीपणामुळे. पण आता आठवतंय, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग जवळ आल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं मीच पुढे झुकतो.

सौ_स्टेपनी

घरी सांगितलंत का?

गवतीचहा

नाही. तुम्हीही सांगू नका.

गवतीचहा (२९ जून)

अपडेट. महिना लागला, क्षमस्व.

टॉमीभाऊ खरोखर रविवारी आले. दोघांनी मिळून सीट काढली. उजव्या बाजूच्या बोल्टाभोवतीचा पत्रा रुपयाच्या नाण्याएवढा गेलेला. तो कापून नवा तुकडा, खाली प्लेट, वर सहा मिलिमीटरच्या पट्ट्या. जिप्सीच्या मूळ सीटची जोडी शोधली पण मिळाली तिची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती, म्हणून हीच ठेवली. आता डुलत नाही.

मग शिवणकाम. सीटवाले मास्तर साठीचे. मी मोबाईलवर मॉलीचे फोटो दाखवले तर म्हणाले, "हे काय, खाटेच्या निवारीसारखं." ५०० डेनियरचं हिरवं नायलॉन, दोरा मी स्वतः बोहरी आळीतून आणून दिला. एक इंच अंतर तीनदा सांगितलं. तरी खालच्या तीन पट्ट्या सव्वा इंचावर निघाल्या. विचारलं तर म्हणाले, "खाली पोट मोठं आहे ना सीटचं, म्हणून जरा मोकळं दिलं." आता त्या तीन पट्ट्यांत पाऊच अडकते पण हलते. उसवायला सांगायचा धीर झाला नाही, टिपा इतक्या सरळ मारल्यात.

मांडणीचं मला उशिरा सुचलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल. ड्रायव्हरच्या सीटच्या मागे जे आहे ते ड्रायव्हरला कधीच मिळत नाही. बेल्ट लावून डावा हात मागे टाकला तर पोचतो तो डाव्या सीटच्या मागे. म्हणून घाईत लागणारं सगळं डावीकडे: फर्स्ट एड, टॉर्च, बेल्ट कापायचा कटर, फडकं. माझ्या पाठीमागे फक्त मऊ वस्तू, म्हणजे रेनकोट, टॉवेल, नकाशे. नटबोल्टांचे ४२ किलो डोक्यात बसलेत. दोन्ही बाजू घरच्या काट्यावर तोलल्या, डावी एक किलो ९००, उजवी सव्वा. अग्निशामक सिलिंडर कापडात नाही, धातूच्या पट्ट्यात, फरशीला. जंप स्टार्टर घरून निघताना घेतो आणि उतरताना काढतो, उन्हात बंद गाडीत लिथियम ठेवायची हिंमत नाही.

गेल्या रविवारी वरंध्याला भरपूर पाऊस लागला. वरून पाणी आलं, झाकणाने बरंचसं अडवलं. खालच्या खिशात मात्र तांब्याभर साठलं.

कुळेकार

आयलेट?

गवतीचहा

विसरलो.

कुळेकार

बेडूक आला की फोटो टाका.

दोरा_सुई

नायलॉनला आत्ता आयलेट मारता येईल, पण भोक कापून पाडू नका. खिळा तापवून पाडा, म्हणजे कडा वितळून बसते, धागे निघत नाहीत. पीयूचा थर आत असतो, त्याला धूर येतो, तेव्हा काम गॅलरीत करा.

आणि त्या सव्वा इंचाच्या पट्ट्यांचं सोपं आहे. मधोमध एक अरुंद पट्टी आडवी ओवून पाऊचच्या मागच्या टोकाला गाठ मारा, हलायची थांबेल. मास्तरांना सांगायची गरज नाही.

टेक्सासचा_तात्या

एक किलो ९०० म्हणजे आत्ताचं. दिवाळीत पुन्हा तोला आणि आकडा इथे टाका.

सौ_स्टेपनी

सगळं लिहिलंत, पण आवळा सुपारी कुठल्या खिशात ते सांगितलं नाहीत.

गवतीचहा

डावीकडे, वरून दुसऱ्यात. वरंध्यालाच संपली.